खून करायचाच तर आषाढात करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या रहस्यकथा-प्रेमकथांवरचा लेख वाचला. छान होता, पण सगळा इंग्लंडचाच. तोच बंगला, बर्फात अडकलेले पाहुणे, लायब्ररीत पडलेलं प्रेत. मलाही ही पुस्तकं आवडतात, खोटं कशाला बोलू. पण आपल्याकडे तोच काळ घेऊन कोणी लिहायला बसलं की गडबड होते.

परवाच एक नवी मराठी कादंबरी वाचली, नाव नको, तिच्यात १९३० सालच्या ऐन आषाढात हिरो मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीत उतरतो आणि छत्री उघडून चालायला लागतो! अहो, पावसाळ्यात आमच्याकडची बोट बंद असायची, मुंबईचा चाकरमानी चार महिने तिकडेच अडकायचा. आणि एरवी तरी बोट काय धक्क्याला लागायची का, ती उभी राहायची लांब खोल पाण्यात, मग पडावात उतरायचं, म्हाताऱ्यांना आणि पोरांना वरून हातावर झेलून घ्यायचे, ट्रंका भिजायच्या, निम्म्यांना उलट्या. कोण आलं कोण गेलं हे बंदरावरच्या हमालापासून सगळ्या गावाला ठाऊक. म्हणजे बघा, खुन्याने "मी तेव्हा मुंबईत होतो" म्हणायची सोयच नाही. आणि पावसाळ्यात बोट बंद, घाटात दरड, तारेचे खांब आडवे, मग खुनी गावातलाच कोणीतरी. बर्फ हवाय कशाला?

११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यात गेला म्हणून ज्याचे दिवस घातले, तो दोन वर्षांनी संध्याकाळी पडवीत येऊन उभा राहिला तर? त्याच्या जमिनीवर एव्हाना खोताने, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराने, हात मारलेला. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी असेंब्लीत मांडलं ते १९३७ मध्ये, तोवर कुळाला विचारतो कोण! खुनाला कारण शोधत बसायलाच नको.

युद्धावरून आलेला हिरो पाहिजे तर तोही आहे. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलं आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. त्यातून जगून परत आलेला एखादा आमच्याकडे सुपारीच्या बागेत गप्प बसलाय, असा डिटेक्टिव मला कुठल्याही साहेबापेक्षा जास्त पटेल. वर १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध, जिल्ह्याबाहेर जायची बंदी, पोलिसांची नजर. अशा गावात नवखा माणूस दिसला की आधी संशय सीआयडीचाच येणार.

प्रेमकथेचं मात्र जरा अवघड आहे. या कादंबऱ्यांतल्या नायिका विशी ओलांडून बिनलग्नाच्या फिरतात, समुद्रावर एकट्या जातात. शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला तेव्हा मुलीचं किमान वय १४ ठरलं आणि त्याला सुद्धा केवढा विरोध! त्यामुळे नायिका विधवा घ्या, मास्तरीण घ्या, मिशनच्या दवाखान्यातली नर्स घ्या, पण ती एकटी का राहिली याचं कारण द्या. नाहीतर इंग्रजांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाची थोरली मुलगी आहेच की. राजा १९१६ मध्ये इथेच वारला, १९१९ ला कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण ही रत्नागिरीला परत आली, राजवाड्यावरच्या लग्न झालेल्या मराठी नोकरापासून तिला मुलगी होती, आणि ती शेवटी इथेच वारली. हे कोणी कादंबरीत कल्पनेने लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा जास्तच फिल्मी झालं.

आता तुम्हाला विनंती एवढीच की पुरवणीत क्रमशः अशी एक कादंबरी छापा, या काळातली, कोकणातली. लेखकाला लिहिण्याआधी इकडे पाठवा, नगर वाचनालयात जुने कागद बघू दे, बंदरावरच्या म्हाताऱ्यांशी बोलू दे. आणि कृपा करून पावसाळ्यात बोट सोडू नका.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी