मराठवाड्यातल्या मुलींना हॉकीचं मैदान हवं आहे

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुली हॉकी खेळतात ती काळ्या मातीवर. पावसाळ्यात पाय रुततात, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चेंडू कुठं उसळेल याचा नेम नसतो. त्यातूनही त्या जिल्ह्यात जिंकतात. पुढच्या फेरीत टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर उतरल्या, की चेंडू स्टिकखालून सुसाट निघून जातो. यात पोरींचा दोष नाही. १९७५चा विश्वचषक जिंकलेल्या भारताच्या पुरुष संघालाही पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातव्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं होतं.

टर्फ मागितलं की उत्तर मिळतं, 'तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, टर्फवर काय मारणार?' २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही पाहिलं आहे. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांसमोर मैदानावर पाण्याचे फवारे उडवा, असं मीही म्हणणार नाही. पण साहेब, वाळू भरलेलं कृत्रिम टर्फही असतं. त्याला खेळाआधी भिजवावं लागत नाही. मोठे आंतरराष्ट्रीय सामने त्यावर होत नाहीत, हे खरं. मात्र अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा हात तयार व्हायला ते पुरेसं आहे.

आणि हात त्याच वयात तयार व्हावा लागतो. हरियाणातल्या शाहाबादची राणी रामपाल, घोडागाडी चालवणाऱ्या बापाची लेक, पंधराव्या वर्षी २०१०चा विश्वचषक खेळली आणि सात गोल करून आली. तिच्या नेतृत्वाखाली टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवलं आणि चौथा क्रमांक मिळवला. २०२४मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा वयाची तिशीही पूर्ण झाली नव्हती. इतकी लहान असते ही कारकीर्द. राणीला बलदेव सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक गावातच मिळाले. आमच्याकडं पंधराव्या वर्षी कित्येक घरांत लग्नाची बोलणी सुरू होतात.

ते वर्ष येण्याआधीच अनेक जणींचा खेळ सुटतो. ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडं निघतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगीही जाते. ऐन सरावाचे महिने उसाच्या फडावर जातात. परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि स्टिक दुसरीच्या हातात गेलेली असते. गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण त्यांचा विचार शाळेपुरताच होतो.

फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, शेतकऱ्याचीच मुलगी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. महाराष्ट्राच्या खेड्यातली मुलगी तिथवर पोचू शकते, हे आता कुणाला पटवून द्यायला नको.

म्हणून मागणी एवढीच आहे. ऊसतोड मजुरांची गावं जिथं दाट आहेत अशा एका तालुक्याला मुलींसाठी बारमाही निवासी हॉकी केंद्र द्या. वाळूचं टर्फ, पूर्णवेळ प्रशिक्षक (शक्यतो महिला), आणि रोज अंडी-दूध असलेला डबा. नांदेडला गुरू गोबिंदसिंगजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, देशभरातले संघ येतात. तिला जोडून मराठवाड्यातल्या शाळकरी मुलींचे सामनेही दरवर्षी भरवा. मोठे खेळाडू समोर खेळताना पोरींना पाहू द्या.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील. निर्णय त्याआधी व्हावा, म्हणजे यंदाच्या सातवीतल्या मुली तरी फडावर न जाता इथं राहतील. जागा दाखवायला, पालकांशी बोलायला मी येईन.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, जि. बीड