एकही तिकीट न देता आपण जे दिलेत, त्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

या पत्रात आपले नाव येऊ नये, ही आपली अट मी पाळतो आहे. मात्र बत्तीस वर्षे तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या एका माणसाचे ऋण मान्य केल्याशिवाय माझा संग्रह कोणापुढे उघडणे मला आता बरे वाटत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

खरे सांगायचे तर गेल्या वर्षी कुर्डूवाडीला आपल्या दारात मी प्रथम उभा राहिलो तो लोभापोटीच. बार्शी लाइट रेल्वे या जुन्या अरुंद रेल्वेच्या मार्गावरची पुठ्ठ्याची तिकिटे मी अकरा वर्षे जमवतो आहे, आणि बुकिंग ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाच्या माळ्यावर निदान एखादा डबा सापडेलच, असा माझा हिशेब होता. आपण चहा दिलात, माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "तिकीट रेल्वेचं असतं. विकलं की प्रवाशाचं, तेसुद्धा गेटपर्यंत. माझ्या घरात ते कशाला येईल?" मी निघण्याच्या बेतात असतानाच आपण माझ्या पिशवीतल्या वहीकडे बोट दाखवलेत, आणि तिथून पुढचे चार रविवार मी आपल्या ओसरीवर काढले.

त्या वहीत मी चौसष्ट तिकिटे डिंकाने चिकटवली होती, याची लाज आजही वाटते. आपण पहिलेच पान उघडून विचारलेत, "याची पाठ कुठं आहे?" मला प्रश्नच कळला नाही. लांबच्या तिकिटावर मधे उतरलेल्या प्रवाशाला स्टेशन मास्तरकडून तिकिटाच्या पाठीवर शेरा मारून घ्यावा लागे, त्यात स्टेशनचा संक्षेप, तारीख आणि सही असे, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. ओलसर टीपकागद ठेवून, पुठ्ठ्याचे पदर सुटू न देता ती तिकिटे एकेक करून सोडवायला आपण शिकवलेत. मी उरलेल्या तिकिटांना लॅमिनेशन करून घेण्याच्या विचारात होतो, तो विचारही आपण एका नजरेत मोडून काढलात. चौसष्टपैकी तीन फाटली, ती माझ्या घाईने.

त्यातच मुंबई व्ही.टी. ते लातूर असे एक तिकीट होते. ते सुटले तेव्हा पाठीवर फिकट शाईत 'केडब्ल्यूव्ही' हा कुर्डूवाडीचा संक्षेप, १९७१ मधली एक तारीख आणि एक वळणदार सही निघाली. आपण ते हात लांब करून पाहिलेत, मग जवळ धरलेत, आणि "हे आमचे पहिले मास्तर" एवढेच म्हणून चष्मा आणायला आत गेलात. चष्मा आपल्या खिशातच होता.

पंढरपूरच्या तिकिटाची गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगतो. जुन्या बाजारात ते मला स्वस्तात मिळाले होते, कारण त्याचा एक कोपरा तुटलेला होता आणि विकणाऱ्याने ते टाकाऊ मानले होते. मीही तसेच मानले होते. आपण त्या कडेवरून नख फिरवलेत आणि म्हणालात, "हे तुटलेलं नाही, कापलेलं आहे. पोराचं तिकीट आहे हे." अर्धे तिकीट देताना क्लार्क मोठ्या माणसाच्या तिकिटाचा कोपरा कात्रीने उडवत असे आणि तो तुकडा दिवसाच्या हिशेबाला जोडत असे, कारण पूर्ण तिकिटावर अर्धेच पैसे का घेतले, याचा पुरावा लेखा कार्यालयाला लागे. त्यावरची तारीख डेटिंग मशीनमध्ये नीट उठली नव्हती. मी ते 'साल अज्ञात' या पाकिटात टाकले होते. आपण वरची अक्षरे वाचलीत: दक्षिण मध्य रेल्वे, तिसरा वर्ग. दक्षिण मध्य रेल्वे झाली २ ऑक्टोबर १९६६ रोजी, सोलापूर विभाग तिच्यात गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेकडे परत आला, तर तिसरा वर्ग १९७४ मध्ये संपला. म्हणजे ते मूल १९६६ ते १९७४ यांच्या दरम्यान कधीतरी पंढरपूरला गेले होते. न. पै. (नवे पैसे) असे छापलेले तिकीट १९५७ ते १९६४ या काळातले धरावे, हाही आपलाच धडा.

सव्वादोन इंची पुठ्ठ्यावर क्रमांक छापण्याची ही पद्धत इंग्लंडात थॉमस एडमंडसन या स्टेशन मास्तरने १८३०च्या दशकाच्या अखेरीस काढली, हे मी वाचले होते. तिच्यातली खुबी मात्र आपण काड्यापेटीच्या टोपणात पत्ते रचून दाखवलीत, तेव्हा कळली. कपाटातल्या ट्यूबमध्ये तिकिटे क्रमाने उभी रचलेली, खालून एकेक ओढायचे, आणि पाळी संपताना खाली आलेला क्रमांक डी.टी.सी. पुस्तकात, म्हणजे रोजच्या विक्रीच्या हिशेबवहीत लिहायचा; सकाळच्या आकड्याशी वजाबाकी केली की किती विकली ते कळते, आणि पेटीतली रोकड तेवढीच भरली पाहिजे. वारीच्या दिवसांत त्या वजाबाकीत तीन रुपये कमी पडले आणि ते आपण पगारातून भरलेत, हे काकूंनी मध्येच सांगितले तेव्हा आपण विषय बदललात.

बार्शी लाइटचा इतिहास मला तोंडपाठ होता, असा माझा गैरसमज होता. ती उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, अडीच फुटी मार्ग, १८९७ मध्ये बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज, १९५४ मध्ये सरकारकडे, हे सगळे मी घडाघडा म्हणून दाखवले आणि आपण शांतपणे विचारलेत, "आणि खिडकीची उंची किती होती?" म्हाताऱ्या वारकरी बाईचा हात तिथवर पोहोचावा म्हणून आपण बाहेर रुळाखालचा एक लाकडी स्लीपर टाकून घेतला होता, हे कुठल्या पुस्तकात मिळाले असते?

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. प्रवास संपला की तिकीट गेटवर द्यायचे असते, मग माझ्याकडची बहुतेक तिकिटे न दिलेलीच, नाही का? हे मी विचारले तेव्हा आपण पहिल्यांदा मोठ्याने हसलात.

काकू मला "तिकीटवाले" म्हणतात, ते नाव मला मान्य आहे. सगळी तिकिटे आता आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत मोकळी ठेवली आहेत, पाठ दिसेल अशी. एकाच्या पाठीवरची सही अजून लागत नाही. ती मोडनिंबच्या मास्तरांची असावी, असा माझा अंदाज आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते घेऊन येतो. चष्मा खिशातच ठेवावा.

आपला नम्र,
पुण्याचा तिकीटवाला