तळ्याकाठची जागा सापडलीये, सविस्तर लिहितेय

आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले "नीट ऐकू येत नाहीये, लिहून पाठव" आणि फोन आईकडे, आणि आईने ऐकून घ्यायच्या आधीच "ह्या वयात आम्ही तंबूत झोपू?" म्हणून विषयच मिटवला. म्हणून बसलेय लिहायला. लांबेल, दोन बैठकीत वाचा.

आधी मुद्द्याचं. चालायचं नाहीये. आईच्या गुडघ्यांचं मला माहितीये, म्हणूनच तर सगळी शोधाशोध गाडी थेट पाण्यापर्यंत जाईल अशा जागेची चाललीये. पाठीवर सॅक टाकून चार तास चाललं की एकाहून एक शांत तळी आहेत, पण ती आपल्या कामाची नाहीत. आणि जिथे कुठलीही गाडी पोचते तिथे सगळं जग पोचतं, स्पीकर घेऊन पोचतं, जनरेटर घेऊन पोचतं, मग बाबा कानातलं मशीन काढून खिशात टाकणार आणि दोन दिवस नुसते मान हलवत बसणार, ते मला नकोय. ह्या दोन्हीच्या मधली जागा हवी. म्हणजे कच्चा रस्ता, साध्या गाडीच्या पोटाला लागतील एवढे दगड, मधेमधे पावसाचं पाणी काढून द्यायला खणलेले आडवे चर, फोर-व्हील ड्राइव्हवाला सावकाश निघून जाईल पण मागे कॅराव्हॅन ओढणारा आल्यापावली परत फिरेल. खराब रस्ता हाच तिथला वॉचमन.

तर गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप घेऊन बसते आणि जावईबापू म्हणतात झालं, बाई निघाल्या तळी बघायला. आधी सॅटेलाइट फोटोत निळा ठिपका शोधायचा आणि त्याच्यापर्यंत एखादी बारीक रेघ जातेय का बघायचं, मग तीच जागा कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावर उघडायची, रेषा एकमेकींना चिकटलेल्या असल्या की चढ उभा, मोकळ्या असल्या की सपाट, तळ्याच्या ज्या बाजूला रेषा लांब लांब आहेत तिथेच तंबू लागणार. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून एक नकाशा आहे, 2004 पासून लोकांनीच भरत आणलेला, त्यात कच्च्या रस्त्यांना 1 ते 5 असे ग्रेड दिलेले असतात, 1 म्हणजे घट्ट आणि 5 म्हणजे नुसती माती नाहीतर गवत. मी 3 पर्यंत तुम्हाला नेणार, 4 ला आम्ही दोघंच जातो आणि 5 ला मी ह्यांनाही नेत नाही. पण बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना कागदावर आहे म्हणून जागेवर असेलच असं नाही, ते इथे शंभर टक्के. नकाशातला रस्ता कधीतरी लाकडाचे ट्रक जायचे तेव्हाचा असतो आणि आता त्यात हातभर जाडीची झाडं उभी असतात. म्हणून शेवटी वनखात्याच्या तिथल्या ऑफिसला फोन करायचाच, फाटक उघडं आहे का, रस्ता कुठे वाहून गेलाय का, मुक्कामाला परवानगी आहे का, शेकोटीला बंदी आहे का. सगळ्या ॲपनी मिळून जे कळत नाही ते तिथला माणूस दोन मिनिटांत सांगतो.

आणखी एक गंमत म्हणजे युरोपचे सेंटिनेल-2 नावाचे उपग्रह, साधारण दर 5 दिवसांनी त्याच जागेचा नवा फोटो, तोही फुकट. त्यातला एक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे आपला रस्ता काही धड दिसायचा नाही, पण तळ्यावर अजून बर्फ आहे का, वरच्या खिंडीत बर्फ उरलंय का हे घरबसल्या कळतं. एक जागा मी त्याच्यावरूनच बाद केली, कारण ते तळं नव्हतंच, धरणाचं पाणी होतं. जुने फोटो एकापाठोपाठ पाहिले तर मोसमाच्या शेवटी काठ मागे मागे गेलेला, तंबू आणि पाण्याच्या मधे सगळा चिखल.

अशी चार तळी बाद झाली. एकाला बोटी उतरवायचा सिमेंटचा उतार होता, तो दिसला की पुढे बघायचंच नाही, मोटरबोट येणारच. एकाच्या समोरच्या काठाला दुसरा रस्ता येत होता, त्याचं नंतर सांगते. आणि चौथ्याचं आईला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर जावईबापूंच्या तोंडून तिखटमीठ लावून कळेल.

चौथं सगळ्यात सुंदर होतं, निदान फोटोत. गेल्या महिन्यात आम्ही दोघं आधी बघून यावं म्हणून गेलो. शेवटचे दोनेक किलोमीटर रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उतार, आणि एका वळणावर बघतो तर झाड आडवं. जुनं पडलेलं, साल निघालेली, म्हणजे ह्या मोसमात इकडे कोणी फिरकलंच नव्हतं. गाडी वळवायला जागा नाही. मग रिव्हर्स. हे मागे चालत हाताने खुणा करतायत, मी आरशात बघत इंचाइंचाने मागे, अर्ध्या किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली आणि भिंतीकडच्या एका धारदार दगडाने मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूचा भाग, फाडली. तिथे पंक्चरची वात लागत नाही, टायरच बदलावा लागतो. गाडी तिरकी उभी, जॅकखाली मऊ माती, मग फळी घातली, ती पण फटकन मोडली, शेवटी एक चपटा दगड सापडला त्याच्यावर जॅक बसला. काही झालं नाही आम्हाला. पण त्या दिवसापासून नियम केलाय, पुढचं दिसत नसेल तर गाडी थांबवून आधी चालत जाऊन बघायचं आणि वळायची शेवटची जागा कुठे होती ते लक्षात ठेवत पुढे जायचं. पाण्याचंही तसंच. ओढा आडवा आला आणि चालत ओलांडायची हिंमत होत नसेल तर गाडीही घालायची नाही, वाहतं पाणी फूटभर असलं तरी साधी कार ढकलली जाते आणि दोन फुटांत आपल्यासारखी मोठी गाडीसुद्धा.

आता आपली जागा. पाचवं तळं. दिसायला साधंच आहे, फोटो बघून आई म्हणेल ह्यासाठी एवढं? पण रस्त्याच्या शेवटी मोकळं मैदान आहे, तीन गाड्या आरामात वळतील. डांबरी सोडल्यावर 18 किलोमीटर कच्चं, आम्हाला दीड तास लागला, तुम्हाला घेऊन दोन धरा. त्या टप्प्याला आम्ही टायरची हवा 36 वरून 24 पीएसआयवर आणतो, टायर जरा पसरतो आणि दगडावरून उडी मारण्याऐवजी त्याला कवेत घेऊन जातो, बाबांच्या कंबरेला हा फरक कळेल. स्पीड मात्र वीसच्या आसपासच ठेवायचा आणि परत डांबरीला लागायच्या आधी कंप्रेसरने हवा भरून घ्यायची. उतारावर लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या सावकाश चालायच्या गियरमध्ये, टाकलं की गाडी इंजिनावरच पाय रोवत उतरते, ब्रेक दाबत बसावं लागत नाही. तेव्हा बाबा, शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडायचं नाही.

तळं 1400 मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास वगैरे नाही, तो साधारण 2500 च्या वर सुरू होतो. पण थंडी वाजणार. खालच्या गावाचं तापमान बघून स्वेटर ठरवायचा नाही, दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. शिवाय रात्री उतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि पाण्याभोवती वाटीत साठल्यासारखी साठते. म्हणून तंबू अगदी काठाला नाही, पंधरावीस पावलं वर, जिथे जमीन सपाट आहे तिथे. आईला काठालाच हवा असणार, पण नाही.

आता ज्या प्रश्नावर आई अडून बसलीये तो. घडीची कमोडची खुर्ची घेतलीये, वजन उचलणारी, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या आहेत. भोवतीने छोटा उभा तंबू. खड्डा पाण्यापासून 60 मीटर लांब आणि वीतभर खोल, ते सगळं आमच्याकडे लागलं, तुम्ही फक्त बसायचं. मी स्वतः चार वेळा उठबस करून बघितली, हलत नाही. झोपायच्या तंबूपासून खुर्चीपर्यंत मी चमकणारी दोरी कंबरेच्या उंचीवर बांधणार, बाबा रात्री दोनदा उठतात ते दोरीला हात लावत जातील आणि हात लावत येतील. डोक्याला बांधायच्या बॅटरीत लाल दिवा आहे तोच लावा, पांढऱ्याने डोळे दिपतात आणि मग बंद केल्यावर काहीच दिसत नाही. आणि आई, थंडी वाजली तर शेगडी तंबूत आणायची नाही म्हणजे नाही, तिचा वायू ना दिसतो ना वास येतो आणि माणूस झोपेतच जातो. गरम पाण्याची पिशवी देईन, दोन देईन.

प्यायचं पाणी आपण घरूनच नेऊ, 20 लिटरचे दोन कॅन. लागलंच तर तळ्याचं गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलं की पुरे, 2000 मीटरच्या वर असतो तर तीन मिनिटं. भांडी पाण्यात नाही घासायची, साबण लांब नेऊन. रात्री खाण्याचा कणही तंबूत नाही, वासाने जनावर येतं.

फोनला रेंज नाही, हे खरंय. पण सॅटेलाइटवरून मेसेज जातो-येतो असं छोटं यंत्र आमच्याकडे दोन वर्षं आहे, त्याला फक्त वर मोकळं आकाश लागतं, आणि मैदानातून मी मेसेज पाठवून पाहिलाय, मिनिटभरात गेला. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक संच गाडीत, एक आईच्या पर्समध्ये. मधल्या वारी जाऊ, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर, दोनच रात्री. पहिल्या रात्री नाही जमलं तर सकाळी उठून परत, कोणी काही म्हणणार नाही.

आता ते समोरच्या काठाचं. तळ्याच्या शांततेत एक मेख आहे. संध्याकाळी वारा पडला की पाण्यालगत गार हवा आणि तिच्यावर उबदार, मग आवाज वर निसटण्याऐवजी वाकून परत खाली येतो आणि पाण्यावरून सरळ पलीकडे पोचतो. म्हणून आपला काठ रिकामा असून भागत नाही, समोरचाही रिकामा लागतो. पाचव्याला मी हे तपासलं. ह्यांना चालत पलीकडे पाठवलं, तीनशे मीटर तरी असेल, आणि म्हटलं नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला. सूर्य गेला, वारा थांबला, मी काठावर बसले होते आणि मला अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं, "च्यायला, चष्मा कुठे ठेवला मी." मला सांगायला म्हणून नव्हे, ते आपले स्वतःशीच.

तेव्हा बाबा, मशीनचे सेल जास्तीचे घ्या आणि तिथे ते कानातच ठेवा. आणि आई, जावयाबद्दल काही बोलायचं असेल तर ते दुपारी, वारा असेपर्यंत उरकून घे.

तुमची लेक