खानापूरच्या मावशींना

मावशी, सलाम.

आठ वर्षांपूर्वीचे आभार आज मानते आहे, उशीर झालाच.

मी 23 वर्षांची होते. बेळगावच्या आमच्या प्रार्थना गटातला एक भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "उपवासात प्रभूनं मला दाखवलंय, हीच तुझी बायको." गट हरखला. कन्नड, मराठी दोन्हीतनं स्तुती सुरू झाली. माझं मन घेत नव्हतं, आणि मन घेत नाही हेच मला पाप वाटायला लागलं. ऐतवारी उपासना चुकवून मी खानापूरची बस धरली.

तुम्ही मेथी निवडत होता. सगळं ऐकलंत. तो खोटारडा आहे असं एकदाही म्हणाला नाहीत. हात पुसून बायबल काढलंत आणि 1 राजे, 13 वा अध्याय मला मोठ्यानं वाचायला लावलात. यहूदाहून आलेल्या देवमाणसाला देवानं बजावलं होतं, बेथेलात अन्नपाणी घेऊ नको. तिथला म्हातारा संदेष्टा म्हणाला, मलाही देवदूतानं सांगितलंय, चल जेवायला. तो जेवला, आणि परतताना सिंहानं त्याला मारलं.

मग प्रेषितांची कृत्ये, 10. येशूचा शिष्य पेत्र, त्याला यापोत दर्शन झालं, पण त्याच्या आदल्या दिवशी कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्यालाही झालं होतं. "दोघांनाही सांगितलं, बघ. तुला काय सांगितलंय?"

काहीच नाही, मावशी. तेवढं म्हणून मी किती रडले!

त्याच पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात तर यरुशलेमेत मंडळीचा पुढारी याकोबानं पेत्राचा अनुभव आमोस संदेष्ट्याच्या वचनाशी ताडून पाहिला. पेत्राचा! प्रभूबरोबर जेवलेल्या माणसाचा अनुभवही शास्त्राशी जुळवून घेतला, मग आमच्या गटातल्या भावाचा का नको?

"म्हणजे देव आता बोलतच नाही?" मी विचारलं, तेव्हा तुम्ही चिडलात. 1905 साली ज्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आत्म्याची मोठी जागृती आली, त्याच पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत करत बसल्या. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते छापून आलं. "आत्मा आला म्हणून त्या बाईनं पुस्तक मिटलं नाही," असं तुम्ही म्हणालात.

लग्न कर की करू नको, हे मात्र तुम्ही सांगितलंच नाहीत. मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती त्याचीच. तुम्हीही "देव म्हणतो" म्हणाला असता, तर तेही मी मुकाट ऐकलं असतं.

पुढच्या सभेत मी उभी राहून नाही म्हणाले. आवाज कापत होता. दोघीजणी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रार्थनेत कधी काही स्पष्ट जाणवलं, तर मी अजून ते वहीत लिहिते, शास्त्र उघडते, मग तुम्हाला फोन लावते. या आठवड्यातही असंच एक लिहून ठेवलंय. ऐतवारी वही घेऊन येते.

तुमची,
बेळगावची लेक