वनमंत्री साहेब, सोनकीच्या सड्यावर माती टाकू नका

मा. वनमंत्री साहेब, नमस्कार.

मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, चूकभूल द्यावी घ्यावी. गणपती गेले की आमच्या गावावरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, सोनकीच्या फुलांनी असा पिवळा होतो की खालून बघितलं तर कुणी हळद सांडलीय असं वाटतं. मध्येमध्ये कवला, त्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात म्हणून पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात.

कास पठाराचं ठीक आहे, २०१२ला युनेस्कोच्या यादीत आलं, तिथे लक्ष आहे. पण आमचा सडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे कागदावर वाया गेलेली जमीन. म्हणून मागच्या पावसाळ्यात तिथे वृक्षारोपण झालं. कातळाला ब्रेकर लावून खड्डे पाडले, डंपरने लाल माती आणून ओतली, गुलमोहर लावले, फोटो निघाले. होळीपर्यंत फक्त बांबूच्या काठ्या आणि बोर्ड उरला. आणि जिथे ती माती पडली तिथे यंदा गाजरगवत आलंय, सोनकी नाही.

साहेब, कातळावर माती बोटभर, त्यात कस नाही, आणि नेमकं म्हणूनच ही फुलं तिथे आहेत. सीतेची आसवं नावाची फुलझाडं तर मातीत काही मिळत नाही म्हणून बारीक किडे पकडून जगतात! तिथे तुम्ही चांगली माती नेलीत की तण जिंकतं, एवढं साधं आहे.

भरीस भर म्हणून रस्त्याकडेला सुशोभीकरणासाठी कॉसमॉसचं बी फेकलं. ते मूळचं मेक्सिकोचं, आता कमरेएवढं वाढलंय आणि पुण्याहून आलेली मंडळी त्यालाच सोनकी समजून सेल्फी काढतात (सांगायला गेलो तर माझ्याकडेच विचित्र बघतात).

सरकारने २०२२मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, आनंद झाला. त्या भागातल्या मधमाश्या सोनकीवरही जातात, हे तुमच्याच खात्यातल्या कुणीतरी वृक्षारोपणवाल्यांना सांगायला हवं होतं ना?

मागणी मोठी नाही. सडे वृक्षारोपणाच्या टार्गेटमधून वगळा, आणि पाहणी सप्टेंबरात करा. मे महिन्यात माणसं पाठवली तर त्यांना काळा कातळच दिसणार आणि ते उजाड असंच लिहिणार, त्यांचा तरी काय दोष. खड्डे मारायला मशीन पुन्हा चैत्रात येणार म्हणतात, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.

आपला,
एक सातारकर