मुग्धास, सॅकच्या वरच्या कप्प्यात

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री मी जास्त बोलले. तू अर्ध्या ताटावरून उठलीस, ते माझ्यामुळे. हे पत्र गाडी सुटल्यावर वाच.

थरच्या वाळवंटात उंटांवर सामान, तुम्ही पायी, वाटेत झाडांच्या आणि पावलांच्या नोंदी, हे सगळं मला आवडलंय. माझी भीती एकच, फुरसं, तो छोटा विषारी साप. देवरुखच्या कातळावर वाढलेल्या बाईला ती असणारच. फुरसं चावल्यावर आक्काच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी पाहिलंय. आणि तिकडचं फुरसं आपल्यापेक्षा मोठं असतं. सापाच्या विषावरच्या लसीसाठी विष घेतात ते बहुतेक तमिळनाडूतल्या सापांचं, म्हणून थरमध्ये ती कमी पडते. हे मी वाचलंय, मनाचं सांगत नाही. तुझं काम झाडांचं. फोग, केर ही झुडपं, सेवण गवताचे ठोंब, सगळीकडे बुंध्याशी हात जाणार. आधी काठीने हलव, मग वाक. थंडीत साप कमी फिरतात म्हणालीस, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे.

पुरे. पुन्हा तेच झालं. चुकले गं, तू आता लहान नाहीस.

तू सात वर्षांची असताना बाबांनी सोलापूरजवळच्या नान्नजला नेलं होतं. पावसाळी माळ, आणि दूर तो माळढोक, गळ्याची पिशवी फुगवून उभा. तू तासभर बोलली नाहीस. घरी आल्यावर म्हणालीस, "त्याची मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुणी पाय दिला तर?" त्या रात्री तू झोपली नाहीस. आता नान्नजला तो दिसणं मुश्कील झालंय. जैसलमेरकडे थोडे उरलेत, तेही विजेच्या तारांना धडकून मरतात. समोरची तार त्यांना वेळेवर दिसत नाही म्हणे. तू त्यांच्याच माळावर चाललीस. काल हे बोलायचं होतं आणि मी सापाचंच बोलत बसले. शेजारच्या काकूंना मात्र सकाळपासून तीनदा सांगून झालंय.

गोधडी ठेवलीये, रात्री वाळू फार गार पडते. सकाळी बूट उलटे करून झटक. उंटवाले सांगतील तिथेच झोप, त्यांना जमीन कळते.

बाबांची दुर्बीण मोज्यांत गुंडाळलीये. त्यांची वहीही दिलीये. शेवटची नोंद नान्नजची आहे, त्यापुढची पानं कोरी आहेत.

तुझी
आई