लातूरच्या दादांना, ज्यांनी आधी वाया गेलेली पट्टी मागितली

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण गप्प बसवत नाही.

आप्पांनी किल्लारी, सास्तूर, मंगरूळ भागात काढलेल्या लग्नांच्या निगेटिव्ह आमच्या कपाटात आहेत. सगळ्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या आधीच्या. मांडवामागं दिसणारी माळवदाची घरं त्या पहाटे बसली, वऱ्हाडातली कितीतरी माणसं त्यांच्याखाली गेली. हे चेहरे राहावेत म्हणूनच आप्पांनी निकॉनचा कूलस्कॅन एलएस-2000 हा निगेटिव्ह स्कॅन करायचा स्कॅनर घेतला होता. आप्पा गेले, मागोमाग त्यांचा कॉम्प्युटरही गेला. स्कॅनर मात्र धडधाकट. पण त्याची स्कझी नावाची जुन्या पद्धतीची केबल लावायला आजच्या कॉम्प्युटरला जागाच नाही.

तुमच्याआधी ज्यांच्याकडं गेले त्यांनी मशीनकडं धड पाहिलंही नाही. "भंगारात द्या, मोबाइलनं फोटो काढा निगेटिव्हचे." एका दुकानात तर आप्पांच्या निगेटिव्हची पट्टी अंगठ्यानं दाबून आत ढकलली. ओरखडा पडला. त्यावर साधं "चुकलं" सुद्धा नाही, वर तपासणीचे पैसे मागितले. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर उभा केलात, स्वतःकडचं स्कझी कार्ड त्यात बसवलंत. त्याचे उपकार आहेतच. पण मला आठवतं ते वेगळंच. सगळं जोडून झालं, मी निगेटिव्हचं पाकीट पुढं केलं, तर तुम्ही हात मागं घेतलात. "आप्पांची नको ताई. एखादी वाया गेलेली पट्टी द्या. मशीन लई दिवस बंद हाय, ओढताना फिल्म धरली तर?" मग हात धुऊन आलात, कडांना धरून कोरी पट्टी घातलीत. ती नीट बाहेर आल्यावरच आप्पांच्या पट्टीला हात लावलात. दादा, मशीन दुरुस्त करणारे मिळतील. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांना इतकं जपणारा हात मी पहिल्यांदा पाहिला.

ती ओरखड्याची पट्टीही आली. रंगीत फिल्म असल्यानं स्कॅनरच्या इन्फ्रारेडला ओरखडा वेगळा कळला आणि चित्रातून निघूनही गेला. नवरीची धाकटी बहीण आईनं नावानिशी ओळखली. ती त्या पहाटे गेली. तिच्या भावाकडं तिचा एकही फोटो नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो प्रिंट द्यायला सास्तूरला जातोय. आई म्हणते, तुम्हाला घेतल्याशिवाय जायचं नाही. वार तेवढा कळवा.

तुमची ताई